मदरबोर्ड बदलला, ॲरे दिसेना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मे-जूनच्या वादळी पावसात मराठवाड्यात विजा कडाडतात, लाईट दहा वेळा जाते-येते आणि त्यात मदरबोर्ड, पॉवर सप्लाय जळतात. बोर्ड बाजारात दुसरा मिळतो. त्याला ‘रेड’ पद्धतीने, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच असल्यासारख्या, जोडलेल्या डिस्कांचं (त्या गटाला ॲरे म्हणतात) काय करायचं, हे विचारणारी पत्रं या वेळी इतकी आली की सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. एडिटिंगच्या मशीनमध्ये ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क इंटेलच्या बोर्डावर रेड ५ करून लावल्या होत्या. वीज पडली त्या रात्री बोर्ड जळाला. दुकानदाराने एएमडीचा प्रोसेसर आणि नवा बोर्ड बसवला. विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे, ते चालू झालं. पण आता चारही डिस्क सुट्या दिसतात आणि विंडोज ‘डिस्क इनिशिअलाइज करा’ म्हणतं. दुकानदार म्हणतो करून टाका, मग सॉफ्टवेअरने डेटा काढू. या सीझनचं सगळं फुटेज त्यावर आहे. काय करावं?
— स्टुडिओचालक, जालना

उत्तर : इनिशिअलाइज करू नका. मशीन बंद करा, चारही डिस्कच्या केबल काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

बोर्ड जळाला म्हणून डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. ॲरेची माहिती, म्हणजे कोणत्या डिस्क, कोणता क्रम, किती मोठे तुकडे, ही बोर्डात नसून प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते. इंटेलच्या पद्धतीत ती डिस्कच्या अगदी शेवटी असते आणि तिचा मुख्य भाग शेवटून दुसऱ्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा). आता विंडोजला ‘हो’ म्हटलं आणि जीपीटी ही तक्त्याची पद्धत निवडली, तर विंडोज डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता लिहितं आणि त्याची प्रत शेवटच्या ३३ सेक्टरांत ठेवतं. म्हणजे बरोबर इंटेलच्या माहितीवर. एका क्लिकमध्ये चारही डिस्कची ओळख जाते. फुटेज तेव्हाही जागेवरच असतं, पण सरळ काम अवघड होऊन बसतं. चारांपैकी एखादी डिस्क ‘फॉरमॅट करा’ असंही विचारेल, कारण ॲरेचा पार्टिशन-तक्ता तिच्या सुरुवातीला पडलेला असतो. तिलाही नाहीच म्हणा, आणि तिच्यावर चेकडिस्क चालवू नका. चेकडिस्कला समोर अर्धवट फाईल सिस्टम दिसते आणि ती दुरुस्त करायच्या नादात ते त्यावर लिहितं.

आता नवा बोर्ड ॲरे का ओळखत नाही? कारण एएमडीच्या बोर्डाला इंटेलची माहिती वाचता येत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, ‘रेड’ केला तरी उपयोग नाही. उलट त्या मेनूत नवा ॲरे बनवायचा पर्याय समोर येतो आणि घाईत तो दाबला जातो. तिकडे जाऊच नका.

पहिलं काम साधं आहे. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहा, डिस्कला चिकटपट्टी लावून १ ते ४ आकडे घाला, मोबाईलवर फोटो काढा. मग उबुंटू या मोफत लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) बनवून त्यावरून मशीन चालू करा आणि एकेका डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तिच्या तब्येतीच्या नोंदी) पाहा. ५, १९७ आणि १९८ या नंबरांच्या ओळींत शून्य असेल तर डिस्कचा पृष्ठभाग ठीक समजा. १९७ मध्ये आकडा असेल तर काही सेक्टर वाचले जात नाहीत, त्या डिस्कची प्रत सगळ्यांत आधी. १९९ वाढलेला असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. केबल बदला. टकटक आवाज करणारी किंवा फिरतच नसलेली डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, तिचं काम प्रयोगशाळेचं. रेड ५ मध्ये चारपैकी कोणत्याही तीन डिस्क पुरतात, त्यामुळे एक गेली तरी तुमचं काम अडत नाही.

दुसरं काम प्रतीचं. डीडीरेस्क्यू हे मोफत साधन डिस्कचा सेक्टर न् सेक्टर एका इमेज फाईलमध्ये उतरवतं आणि कुठपर्यंत आलो ते मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं. लाईट गेली तर मॅपफाईलमुळे तिथूनच पुढे सुरू करता येतं, म्हणून ती न देता कधीच चालवू नका. मॅपफाईल आणि इमेज दोन्ही खऱ्या डिस्कवर हव्यात, लाइव्ह पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या जागेत नकोत. पहिली फेरी ‘-एन’ देऊन करा, म्हणजे खराब भाग सोडून चांगलं ते पटकन हाती लागतं. दुसरी फेरी ‘-डी -आर३’ देऊन, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न होतो. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने ४ टीबीला साडेसात तास लागतात. एवढा वेळ डिस्क तापते, त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला असते. डिस्कवर सरळ पंखा सोडा आणि तापमान ५० अंशांच्या आत ठेवा. चार इमेजना १६ टीबी जागा लागेल, शिवाय काढलेला डेटा ठेवायला वेगळी. खर्च परवडत नसेल आणि चारही डिस्कचे आकडे स्वच्छ असतील, तर इमेज न घेता मूळ डिस्क फक्त वाचून काम करणारेही आहेत. पण सीझनची कमाई आणि गिऱ्हाइकांची लग्नं त्यात अडकली असताना आम्ही तरी प्रत घेतल्याशिवाय हात लावायला सांगणार नाही.

यानंतर तीन वाटा आहेत.

पहिली वाट इंटेलच्या बोर्डाची. कुणाकडून रेडची सोय असलेला बोर्ड दोन दिवसांसाठी मिळाला तर बायोसमध्ये साटा मोड रेड करा, डिस्क जोडा, ॲरे आपोआप दिसेल. डिस्क कुठल्या पोर्टला लावली याने फरक पडत नाही, कारण ओळख सीरियल नंबरवरून होते. मात्र याच कारणाने मूळ डिस्कची क्लोन केलेली डिस्क तिथे चालत नाही, तिचा सीरियल वेगळा असतो. बोर्ड निवडताना चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) पाहा : एच८१, एच११०, एच३१० यांसारख्या स्वस्त चिपसेटांत रेड नसतं, झेड मालिकेत असतं. पडद्यावर ‘नॉर्मल’ किंवा ‘डिग्रेडेड’ आलं तर पुढे जा. ‘फेल्ड’ आलं तर थांबा. त्याच मेनूत डिस्क ‘नॉन-रेड’ करायचा पर्याय असतो. तो दाबला की माहिती पुसली जाते.

दुसरी वाट लिनक्सची, आणि ती तुमच्या एएमडीच्या मशीनवरही चालते. लिनक्समधलं एमडीॲडम हे रेड सांभाळणारं साधन इंटेलची माहिती वाचतं. ‘एक्झामिन’ दिलं की पातळी, तुकड्याचा आकार, डिस्कचे सीरियल सगळं पडद्यावर येतं, त्याचा फोटो काढून ठेवा. ॲरे जोडताना ते इंटेलचा बोर्ड आहे का हे तपासतं आणि नसला तर नकार देतं. त्यावर उपाय म्हणजे आज्ञेच्या आधी ‘आयएमएसएम अंडरस्कोर नो अंडरस्कोर प्लॅटफॉर्म’ या चलाला १ ही किंमत द्यायची (नाव रोमन मोठ्या अक्षरांत). मग ‘असेंबल’ आणि त्यासोबत ‘रीडओन्ली’. ॲरे उभा राहिला की पार्टिशनही फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि फुटेज दुसऱ्या डिस्कवर उतरवा. ‘असेंबल’च्या जागी ‘क्रिएट’ कधीही लिहू नका.

तिसरी वाट इमेजवरून. आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर, डीएमडीई यांसारखी सॉफ्टवेअर चार इमेज घेऊन आभासी ॲरे उभा करतात. इंटेलची माहिती शाबूत असेल तर बऱ्याचदा स्वतःच ओळखतात. नसेल तर हाताने सांगावं लागतं : रेड ५, पॅरिटीची (गेलेली डिस्क भरून काढणाऱ्या जादा माहितीची) मांडणी ‘लेफ्ट असिमेट्रिक’, सुरुवात शून्याव्या सेक्टरपासून. तुकड्याचा आकार १२८, ६४, ३२ केबी असा एकेक करून पाहायचा. आधी मोफत आवृत्तीत फाईल उघडून खात्री करा, मगच पैसे भरा.

ही खात्री करताना बहुतेकांची फसगत होते. फोल्डरची नावं दिसली, दोन-चार छोटे जेपेग उघडले की क्रम बरोबर लागला असं वाटतं. पण १२८ केबीच्या एका तुकड्यात मावणारी फाईल एकाच डिस्कवर बसते, ती क्रम चुकला तरी उघडू शकते. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये डेटाचे तीन तुकडे मिळून ३८४ केबी होतात, त्यामुळे तपासायला २०-२५ एमबीची रॉ फाईल किंवा दोन-तीन जीबीची क्लिप घ्या आणि क्लिप शेवटपर्यंत चालवा. फोटो वरून थोडा बरोबर आणि खाली रंगीत पट्ट्यांचा निघाला तर क्रम किंवा तुकड्याचा आकार चुकलेला आहे. जुनी लग्नं ठीक उघडतात आणि अलीकडचीच तुटक निघतात, असं झालं तर वेगळा संशय घ्या : चारपैकी एक डिस्क काही महिन्यांपूर्वीच ॲरेतून गळाली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्यावर जुनाच मजकूर आहे. एकेक डिस्क बाहेर ठेवून उरलेल्या तिघींवर ॲरे उभा करा. जिच्यावाचून अलीकडचं फुटेज नीट चालतं, ती शिळी.

दुकानदाराला सांगा की डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरून तपासला जाईपर्यंत या चार डिस्कना हात लावायचा नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर बंद पडला. डिस्क दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावल्या तर चालू होताना ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचं सांगतो आणि इम्पोर्ट की क्लिअर असं विचारतो. दोन्ही सर्व्हरमध्ये रेडचं वेगळं कार्ड आहे.
— व्यवस्थापक, लातूर

उत्तर : इम्पोर्ट. क्लिअर म्हणजे ‘या डिस्कवरची ॲरेची माहिती पुसून टाक’. शब्द निरुपद्रवी वाटतो म्हणून आवर्जून सांगतो. ‘फॉरिन’चा अर्थ एवढाच की या डिस्क दुसऱ्या कार्डावर बनलेल्या आहेत. त्यात बिघाड असा काही नाही.

इम्पोर्टच्या आधी प्रिव्ह्यू पाहा. सगळ्या डिस्क एकाच गटात दिसल्या पाहिजेत आणि कुठलीही ‘मिसिंग’ नको. एखादी मिसिंग असेल तर आधी ट्रे काढून पुन्हा नीट बसवा. अर्धवट बसलेला ट्रे हे नेहमीचं कारण. दोन वेगवेगळे गट दिसले तर त्यांतली एखादी डिस्क जुन्या काळात बाजूला पडलेली असू शकते. ती बाहेर काढून बाकीच्यांचाच इम्पोर्ट करा. दोन्ही कार्डं एकाच कुळातली हवीत. मेगारेड कुळातल्या कार्डाची माहिती त्याच कुळातलं नवं कार्ड वाचतं, भलत्याच कंपनीचं नाही.

जुन्या कार्डावर बॅटरी असेल तर ते फेकू नका. लाईट गेली त्या क्षणी डिस्कवर न पोचलेल्या नोंदी त्याच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) असू शकतात. जुना सर्व्हर फक्त पॉवर सप्लायमुळे बंद असेल, तर सप्लाय बदलून त्याच कार्डावर तो एकदा सुरू करणं सगळ्यांत बरं. त्या नोंदी आपोआप लिहिल्या जातात. ॲरे दिसला की लगेच काउंटर सुरू करू नका. आधी पूर्ण प्रत बाहेर काढा, शेवटच्या दिवसाचा डे-बुक कागदी व्हाउचरांशी ताडून पाहा, आणि मग सभासदांना आत घ्या.

प्रश्न : डीटीपीच्या काँप्युटरवर दोन डिस्कचं मिररिंग होतं. बोर्ड गेला. नव्या मशीनवर दोन्ही डिस्क लावल्या तर एक उघडते, दुसरी ‘ऑफलाइन’ दाखवते. दुसरी खराब झाली का?
— छपाई व्यावसायिक, नांदेड

उत्तर : नाही. दोन्ही हुबेहूब सारख्या असल्यामुळे त्यांची सहीसुद्धा (विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर) एकच आहे आणि विंडोज एकाच सहीच्या दोन डिस्क एकदम घेत नाही. तिला ‘ऑनलाइन’ करू नका, कारण त्यात विंडोज नवी सही लिहितं. एक डिस्क काढून कपाटात ठेवा. उरलेलीवरून सगळं उतरवून घ्या, मग ती काढून तारखा ताडण्यापुरती कपाटातली जोडा. शेवटच्या आठवड्याच्या फाईल जिच्यावर आहेत ती खरी. दोन्ही आळीपाळीने वापरून त्यांवर कामं सेव्ह करत राहिलात तर पुन्हा मिरर जुळवताना एका बाजूचं काम जाईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यूएसबीच्या काही डब्या डिस्कचा आकार थोडा कमी दाखवतात किंवा सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा सांगतात. तशा डबीत डिस्क रिकामी दिसली तर घाबरू नका, सरळ साटा केबलने जोडून पाहा.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रंथालयात चार डिस्कचा नॅस बॉक्स (नेटवर्कवरून फाईल ठेवायचा) होता, तो चालूच होत नाही. कंपनीचा नवा बॉक्स महाग आहे. डिस्क साध्या काँप्युटरला लावून स्कॅन केलेली पुस्तकं काढता येतील का?
— ग्रंथपाल, अंबाजोगाई

उत्तर : आधी ॲडॉप्टर तपासा. १२ व्होल्टचा असेल तर मल्टिमीटरवर तेवढे व्होल्ट दिसले तरी चार डिस्कचा भार पडला की ते खाली येऊ शकतात. म्हणून तितक्याच ॲम्पिअरचा दुसरा लावून पाहणं हीच खरी चाचणी. बॉक्स मेला असं ठरवण्याआधी हा स्वस्तातला उपाय करायलाच हवा.

बॉक्स खरंच गेला असेल तरी काढता येतील. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या बॉक्समध्ये आत लिनक्सच असतं आणि ॲरे एमडीॲडमचाच. चार साटा पोर्ट असलेल्या कुठल्याही मशीनवर उबुंटू चालू करा, एमडीॲडम आणि एलव्हीएम२ (ॲरेवरच्या जागेची वाटणी करणारं) ही दोन पॅकेजेस टाका. प्रत्येक डिस्कवर सुरुवातीला दोन लहान पार्टिशनं बॉक्सच्या स्वतःच्या कामाची असतात. पुस्तकं पुढच्या मोठ्या पार्टिशनमध्ये. ‘असेंबल’ ‘स्कॅन’ द्या, मग ‘व्हीजीचेंज -एवाय’, मग फक्त वाचण्यापुरतं माउंट. क्यूनॅपच्या काही बॉक्समध्ये एलव्हीएम कंपनीने बदललेलं असतं, ते साध्या लिनक्सवर उघडत नाही. तिथे त्याच कंपनीचा बॉक्स किंवा रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लागतं.

जोडणी होत नसेल तर ‘एक्झामिन’मधला ‘इव्हेंट्स’चा आकडा (ॲरेतल्या बदलांची मोजणी) चारही डिस्कवर पाहा. तिघींचा सारखा आणि एकीचा खूप मागे असेल तर ती बाजूला ठेवा. थोडाच फरक असेल तर ‘फोर्स’ देता येतं, पण इमेज घेतल्यावरच. इंटरनेटवर कुणीतरी ‘क्रिएट’ आणि ‘अझ्यूम-क्लीन’ देऊन ॲरे परत आणल्याचं लिहिलेलं असतं. ते वाचून तसं करू नका. एमडीॲडमच्या निरनिराळ्या आवृत्त्या डेटा वेगवेगळ्या अंतरावर सुरू करतात. बाकी सगळं बरोबर देऊनही हे अंतर चुकलं की फाईल सिस्टम सापडतच नाही, आणि मूळ नोंद तर तुम्ही पुसलेली असते.

प्रश्न : यूपीएस असूनही बोर्ड जळाला. मग उपयोग काय?
— आडत व्यापारी, परभणी

उत्तर : साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लाईट गेल्यावर काही मिनिटं देतो, व्होल्टेजचा चढउतार सांभाळतो. विजेचा लोळ तो अडवत नाही. त्यासाठी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस हवं आणि ते चांगल्या अर्थिंगवरच चालतं. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तारेभोवतीची माती सुटते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरिंग आणि खड्डा दोन्ही तपासायला लावा. खड्ड्यात पाणी घालत राहा. गच्चीवरून येणारी इंटरनेटची तांब्याची केबल हीसुद्धा लोळाची वाट असते. बाहेरून आत येताना फायबर वापरा.

यूपीएसची यूएसबी केबल काँप्युटरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होतं. बहुतेकांकडे ती केबल खोक्यातच पडून असते. आणि रेड हा बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर काम थांबू नये एवढंच त्याचं काम. चुकून पुसलेली फाईल रेड तितक्याच इमानाने सगळ्या डिस्कवरून पुसतं.

प्रश्न : बोर्ड बदलल्यावर निळा पडदा येऊन ४८ आकडी बिटलॉकर की (विंडोजच्या डिस्क-कुलपाची किल्ली) मागतो. मी कधी कुलूप लावलंच नव्हतं.
— विद्यार्थी, धाराशिव

उत्तर : विंडोजच्या अनेक मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप आपोआप लागतं. किल्ली बोर्डावरच्या टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये होती, ती बोर्डाबरोबर गेली. मोबाईलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसच्या पानावर रिकव्हरी की असते. पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं तिथल्याशी जुळवा. एकापेक्षा जास्त खाती असतील तर सगळी पाहा, कॉलेजने दिलेलंसुद्धा. की नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर ते उघडू शकत नाही, तसं सांगून पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जुना बोर्ड दुरुस्त होण्यासारखा असेल तर मात्र तो जपून ठेवा. टीपीएमसह तो पुन्हा चालू झाला तर डिस्क तिथे की न मागताही उघडू शकते.